गिऱ्हाइकाची ओळख : खतावणीपासून यंत्रबुद्धीपर्यंत

कोल्हापुरांत दिवाळीच्या पाडव्यास वहीपूजन होतें. लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी वही पाटावर मांडावी, पहिल्या पानावर श्रीकार काढावा, हळदकुंकू वाहावें, आणि त्या मुहूर्तापासून पेढीचें नवें वर्ष सुरू झालें असें मानावें, ही तेथील पेठांची जुनी रीत आहे. या वहीस व्यापारी लोक इतकें कां जपत, याचा विचार केला म्हणजे असें दिसून येतें कीं, ती केवळ पैशाची नोंद नव्हती. तींत गिऱ्हाइकाची ओळख सांठविलेली असे. आज ज्या संगणक-प्रणालीस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीआरएम’ म्हणतात, म्हणजे ग्राहकांशीं असलेल्या संबंधांची व्यवस्था पाहणारी प्रणाली, ती अमेरिकेंत जन्मली हें खरें; परंतु तिनें जें काम उचललें तें पेढीच्या गादीवर पूर्वापार चालत आलेलें होतें. गेल्या दहा वर्षांत या प्रणालींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश झाला आहे, आणि ओळख ठेवण्याचें हें काम वहीप्रमाणें नुसतें लिहून न ठेवतां यंत्र आतां स्वतः निर्णय देऊं लागलें आहे. हा बदल कसा घडत आला हें पाहण्यास कोल्हापूरच्या गुळाच्या पेठेइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं.

छत्रपति शाहू महाराजांनीं इ. स. १८९५ मध्यें शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. त्यापूर्वीं चार वर्षें, म्हणजे १८९१ सालीं, मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास येऊन पोंचली होती. त्यामुळें पंचगंगेच्या खोऱ्यांतील गूळ दूरदूरच्या बाजारांत जाऊं लागला, आणि पुढें गुजराथ हें त्याचें फार मोठें गिऱ्हाईक बनलें. या व्यापाराचा कणा म्हणजे अडत्या. अडत्या स्वतःसाठीं गूळ घेत नसे. शेतकऱ्याचा गूळ तो व्यापाऱ्यास विकून देई व आपली अडत कापून घेई. शेतकऱ्यास गुऱ्हाळ सुरू होण्याआधींच पैशाची निकड लागे, तेव्हां येणाऱ्या गुळाच्या भरंवशावर अडत्या त्याला उचल देई. उचल कोणाला द्यावी, किती द्यावी, आणि कोणाला गोड बोलून वाटेला लावावें, यावर पेढीचें जगणें अवलंबून असे.

रोजची देवघेव रोजकीर्दींत लिहिली जाई आणि तेथून ती खातेवार खतावणींत चढे. कित्येक पेढ्यांवर हें लेखन मोडींत चालत असे. परंतु खतावणींत जमा आणि नांवें यांपलीकडे फारसें कांहीं नसे. खरी खतावणी मुनिमाच्या डोक्यांत असे. अमक्याचा ऊस किती एकर, त्याच्या विहिरीस वैशाखांत पाणी किती राहतें, भावाभावांच्या वांटण्या झाल्या कीं नाहींत, थोरलीचें लग्न कोणत्या महिन्यांत आहे, गेल्या हंगामांत गूळ काळा कां पडला, या सगळ्या गोष्टी त्याला तोंडपाठ असत. आणि त्या त्यानें कोणाच्या चोरून मिळविलेल्या नसत. शेतकरी पेढीवर येई, पाणी पिई, तंबाखू मळी आणि बोलतां बोलतां आपणच सारें सांगे. गुजरीच्या सराफांचेंहि असेंच. कोणत्या घरांतल्या कोणत्या सुनेला कोणती पाटली घातली आणि ती अडचणींत मोडली तेव्हां घरांतले कोण कोण डोळे पुसत आले होते, हें त्यांना तीन पिढ्यांचें ठाऊक असे, आणि तें बाहेर न बोलणें हाच त्यांच्या धंद्याचा पाया असे.

तथापि ही ओळख नेहमींच गोड होती असें समजणें भाबडेपणाचें होईल. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत प्रसिद्ध असलेला हाच तो प्रसंग. त्यांतील लक्षांत घेण्याजोगा विशेष असा कीं, जमावाचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नसून कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद हस्तगत करून ते जाळण्यांत आले. ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं त्यानें अंगठा उठवावा, आणि त्या अंगठ्याच्या वर काय लिहिलें आहे हें फक्त सावकारानें जाणावें, अशी ती स्थिति होती. वही दोघांमधील व्यवहाराची, पण ती राहणार एकाच्या पेटींत. आपल्या नांवावर काय चढलें आहे हें दुसऱ्यास समजण्याची सोय नाहीं.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दख्खनमधील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं तो होता. त्याच्या पुष्कळ कलमांविषयीं आणि त्याच्या एकंदर उपयोगाविषयीं विद्वानांचे मतभेद आहेत. पण त्यांतील एक साधी गोष्ट फार महत्त्वाची होती. दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा, आणि आपलें खातें उतरवून घेण्यासाठीं एक पुस्तिका, एवढें मागण्याचा हक्क कर्जदार शेतकऱ्यास मिळाला. कोल्हापूर हें संस्थान असल्यामुळें तेथें हा कायदा आपोआप लागू नव्हता. पण वारणा ओलांडली कीं वाळवें तालुका लागे, तो त्या काळीं सातारा जिल्ह्यांत मोडे, आणि तेथील शेतकऱ्यास हा हक्क होता. नदीच्या एका तीरावर वही सावकाराची, तर दुसऱ्या तीरावर तिची एक नक्कल तरी कुणब्याची, असा हा भेद होता. पुढील सर्व हकीगतींत हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

मुनिमाच्या डोक्यांत पांचशें गिऱ्हाइकें मावत, कदाचित् हजारहि मावत. पण लाख मावत नाहींत. ज्यांचीं गिऱ्हाइकें लाखांनीं मोजलीं जात अशा विमा कंपन्या व मोठमोठे कारखाने पाश्चात्य देशांत वाढले, तेव्हां त्यांना वहीहि पुरेना. मग प्रत्येक गिऱ्हाइकाचें एक स्वतंत्र पत्र, म्हणजे कार्ड, करून तीं पेट्यांतून लावण्याची पद्धति आली. हर्मन हॉलेरिथ यानें भोंकें पाडलेलीं कार्डें वाचणारीं यंत्रें तयार केलीं आणि १८९० च्या अमेरिकन शिरगणतींत तीं वापरण्यांत आलीं. त्यानंतर माणसांची मोजदाद व वर्गवारी हें यंत्राचें काम होऊन बसलें. १९८७ सालीं ‘ॲक्ट’ नांवाच्या प्रणालीनें विक्रेत्याची टिपणवही घरगुती संगणकांत नेली. १९९३ सालीं टॉम सीबेल व पॅट्रिशिया हाउस यांनीं सीबेल सिस्टिम्स ही कंपनी काढली, आणि मोठ्या कंपन्यांच्या सर्व विक्रेत्यांच्या वह्या एकत्र बांधण्याचा तो धंदा इतका फोंफावला कीं, २००५ सालीं ओरॅकल कंपनीनें ती सुमारें ५८५ कोटि डॉलरांस घेण्याचा करार केला. दरम्यान १९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मार्क बेनिऑफ व त्याचे सहकारी यांनीं सेल्सफोर्स कंपनी स्थापन करून हीच प्रणाली इंटरनेटवरून भाड्यानें देण्यास आरंभ केला. आपल्या देशांत श्रीधर वेंबू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं सुरू केलेल्या, आणि पुढें झोहो या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें २००५ सालीं आपली सीआरएम प्रणाली बाजारांत आणली. तिचें भाडें मध्यम व्यापाऱ्यासहि झेपण्याजोगें होतें.

कोल्हापूरच्या पेठांतून हें परिवर्तन हळूहळू आणि आपल्या पद्धतीनें झालें. प्रथम हिशेब संगणकावर गेला. १९८६ सालीं बंगळूर येथें सुरू झालेल्या कंपनीचें ‘टॅली’ हें नांव पेठेंत इतकें रुळलें कीं, ‘हिशेब लिहिला का’ याऐवजीं ‘टॅलींत टाकलें का’ असें मुनीमच विचारूं लागले. व्हॉट्सॲपनें २०१८ सालीं व्यापाऱ्यांकरितां निराळें साधन काढलें, आणि गुळाचे व साड्यांचे नमुने त्यावरून दिसूं लागले. त्याच सुमारास उधारीची वही मोबाइलवर ठेवणारीं ‘खाताबुक’सारखीं ॲप निघालीं. त्यांत एक चमत्कारिक सोय होती. उधारी थकली म्हणजे यंत्रच गिऱ्हाइकास आठवण देणारा संदेश पाठवी. पूर्वीं हें काम फार नाजूक समजलें जाई. थकलेल्या गिऱ्हाइकाकडे मुनीम वसुलीस गेला तरी आधीं पावसापाण्याची चौकशी करी, आणि पैशाची गोष्ट उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतांना काढी. यंत्राला उंबरा ठाऊक नाहीं.

या सर्व प्रणालींचा एक जुना रोग होता, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचें इतकें स्वागत कां झालें हें कळण्यास तो समजून घेतला पाहिजे. प्रणालींत माहिती भरावयाची कोणी? विक्रेत्यानें. त्याचें मन विक्रींत. दिवसभर फिरून आल्यावर कोणाशीं काय बोलणें झालें, पुन्हां केव्हां भेटावयाचें, हें रकान्यारकान्यांतून लिहीत बसण्याचा त्याला कंटाळा. शिवाय एक आंतली गोष्ट अशी कीं, आपलीं गिऱ्हाइकें हीच त्याची पुंजी. ती मालकाच्या पेटींत ओतून टाकावी असें कोणत्या विक्रेत्यास वाटेल? परिणामीं लाखों रुपये खर्चून आणलेल्या प्रणालींत निम्मे रकाने कोरे आणि उरलेल्यांत ‘बोलणें चालू आहे’ एवढेंच लिहिलेलें, असा देखावा दिसे. आतां यंत्र दूरध्वनीवरील संभाषण ऐकून स्वतःच त्याचा सारांश लिहितें, पत्रव्यवहार वाचून रकाने भरतें, आणि विक्रेता तोंड मिटून बसला तरी त्याची वही भरत राहते. या बदलाचा बोलबाला कमी झाला. पण धंद्याच्या दृष्टीनें याहून मोठा बदल क्वचितच सांपडेल.

दुसरा बदल म्हणजे गुण देण्याचा. २०१६ सालीं सेल्सफोर्सनें ‘आइन्स्टाइन’ या नांवानें, आणि २०१७ सालीं झोहोनें ‘झिया’ या नांवानें आपल्या प्रणालींस बुद्धीची जोड दिली. मागच्या हजारों गिऱ्हाइकांचीं उदाहरणें यंत्रापुढें ठेवावयाचीं. त्यांपैकीं कोणी माल घेतला, कोणी सोडून गेलें, हें त्यास सांगावयाचें. मग कोणत्या खुणेबरोबर कोणता परिणाम वारंवार येतो याचें गणित यंत्र बसवितें, आणि नव्या गिऱ्हाइकाच्या नांवापुढें आंकडा मांडतें. ज्याचा आंकडा मोठा त्याला आधीं हांक मारावयाची. वरवर पाहतां मुनीमहि हेंच करी. पण मुनिमाचा अंदाज चुकला तर शेतकरी गादीपुढें बसून म्हणूं शके, ‘अहो, यंदा विहिरीला नवा झरा लागला आहे, चला दाखवितों.’ आणि मुनीम कधीं कधीं जाऊन पाहीहि. आंकड्यापुढें असें बसतां येत नाहीं, कारण तो दिला गेला आहे हेंच गिऱ्हाइकास कळत नाहीं. आणखी एक खोंच आहे. ज्यांना आजवर कोणी विचारलेंच नाहीं, त्यांनीं माल घेतल्याचें उदाहरण यंत्रापुढें येणार कोठून? म्हणून यंत्र त्यांना पुन्हां कमी गुण देतें, आणि त्यांना पुन्हां कोणी विचारीत नाहीं. मुनिमालाहि पूर्वग्रह होतेच. जातीपातीचे होते, गांवागांवांचे होते, आणि त्यांनीं पुष्कळांचें नुकसान केलें आहे. पण ते एका माणसाचे म्हणून ओळखतां येत असत. गणिताच्या पांघरुणाखालीं ते सांपडत नाहींत.

तिसरा बदल भाषेचा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आलें. अफाट लिखाण वाचून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक हें शिकलेलें हें यंत्र माणसासारखें बोलूं लिहूं लागलें. मार्च २०२३ मध्यें सेल्सफोर्सनें ही शक्ति आपल्या प्रणालींत जोडली. यंत्र गिऱ्हाइकास पाठवावयाच्या पत्राचा खर्डा करून देऊं लागलें. २०२४ सालीं ‘एजंटफोर्स’ या नांवानें त्याच कंपनीनें पुढचें पाऊल टाकलें: खर्डा करून मुनिमापुढें न ठेवतां यंत्रानें स्वतःच उत्तर द्यावें, तक्रार मिटवावी, पैसे परत करावे. खर्डेघाशी करणारा कारकून एका रात्रींत मुखत्यार झाला.

मुखत्याराच्या शब्दास कोण बांधलेला, हा प्रश्न मग लगेच उभा राहिला. कॅनडांत एका प्रवाशानें आप्ताच्या निधनानिमित्त विमानप्रवासाच्या सवलतीविषयीं एअर कॅनडाच्या बोलक्या यंत्रास विचारलें. प्रवास झाल्यानंतरहि सवलत मागतां येईल, असें यंत्रानें सांगितलें. कंपनीचा नियम तसा नव्हता, म्हणून तिनें पैसे नाकारले. आणि न्यायाधिकरणापुढें असा युक्तिवाद केला कीं, हें यंत्र आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानें तो फेंटाळला व कंपनीस भरपाई देण्यास लावलें. रक्कम एक हजार डॉलरांच्याहि आंतली. पण निकाल मोलाचा. शाहूपुरींतल्या कोणत्याहि जुन्या अडत्यास तो ऐकून नवल वाटलें नसतें. मुनिमानें गादीवर बसून भाव सांगितला कीं तो पेढीचा भाव; मागाहून ‘मुनीम चुकला’ असें म्हणणाऱ्या पेढीच्या दारांत दुसऱ्या वर्षीं बैलगाडी थांबत नसे.

माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. क्लार्ना या स्वीडिश कंपनीनें २०२४ च्या आरंभीं असें जाहीर केलें कीं, आपलें यंत्र सातशें कर्मचाऱ्यांइतकें काम करतें. पुढच्याच वर्षीं गिऱ्हाइकांशीं बोलण्यासाठीं माणसें पुन्हां घेण्याकडे ती वळली. उलट सेल्सफोर्सच्या बेनिऑफ यानें २०२५ सालीं सांगितलें कीं, तक्रारी ऐकणाऱ्या आपल्या नऊ हजार माणसांची संख्या सुमारें पांच हजारांवर आणली आहे. हीं आंकडेवारी मालकांनींच सांगितलेली, हें खरें. आपल्या मालाची जाहिरात करणाराचें बोलणें थोडें तोलूनच घ्यावें. पण कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडील पदवीधर मुलेंमुली पुण्यास जातात आणि त्यांपैकीं कित्येकांची पहिली नोकरी हीच, कानाला यंत्र लावून परक्या गिऱ्हाइकाचें गाऱ्हाणें ऐकण्याची असते. तेव्हां हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

यंत्रास आपली भाषा किती कळते, हेंहि येथेंच पाहिलें पाहिजे. भारत सरकारनें २०२२ सालीं ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला, आणि मराठींसह देशी भाषांत बोलणें, ऐकणें व भाषांतर करणें हीं कामें यंत्रास साधूं लागलीं आहेत. शब्द कळतात, पण कोल्हापूरचा शेतकरी भाव ऐकून ‘बघूया की’ म्हणतो, तेव्हां त्यांत होकार किती व नकार किती, हें त्याच्या मानेवरून व उठण्याच्या ढबीवरून ओळखावें लागतें. पुष्कळदां तो अगदीं स्वच्छ नकारच असतो. केवळ समोरच्याचें मन मोडूं नये म्हणून तसा घातलेला. यंत्र तें वाक्य ‘विचार चालू आहे’ या रकान्यांत टाकतें आणि तीन दिवसांनीं पुन्हां फोन लावतें.

आतां वारणेच्या त्या दोन तीरांकडे वळूं. २०२३ सालीं भारतांत व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपली कोणती माहिती कंपनीनें ठेवली आहे व तिचें काय चाललें आहे याचा गोषवारा मागणें, चुकीची माहिती दुरुस्त करून घेणें, काम संपल्यावर ती पुसून टाकण्यास सांगणें, हे हक्क त्यानें दिले आहेत. १८७९ च्या पावतीचा व खातेपुस्तिकेचाच हा वंश म्हणावा लागेल. पण मधल्या काळांत वहीचें रूप पालटलें आहे. खातेपुस्तिकेंत जमा आणि नांवें उतरवून घेतलें कीं कुणब्यास आपलें सारें खातें कळे, कारण खात्यांत त्याहून अधिक कांहीं नव्हतेंच; उचल कां नाकारली हें मात्र मुनिमाच्या डोक्यांत राही. आतां तें डोकेंच वहींत आलें आहे. गुण कसे दिले, हांक कां मारली नाहीं, हा हिशेब यंत्रांत कोठें तरी आहे; परंतु यंत्रानें घेतलेल्या निर्णयाचें कारण सांगा, असें स्पष्टपणें मागण्याचा हक्क या कायद्यांत नाहीं. केवळ यंत्रानें केलेल्या महत्त्वाच्या निर्णयाविरुद्ध माणसापाशीं दाद मागण्याची तरतूद युरोपांतील कायद्यांत २०१८ पासून अंमलांत आहे.

भारताच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं ठरलीं. शाहूपुरींत पाडव्यास आतां संगणकालाहि हळदकुंकू लागतें. त्याच्या शेजारीं पाटावर एक लाल वही असते. तिच्या पहिल्या पानावर श्रीकार निघतो, मुहूर्ताची एक रक्कम जमेस पडते, आणि बहुतेक पेढ्यांतून पुढचीं पानें वर्षभर कोरींच राहतात.